ग्लॉक १९ मध्ये फेडरल एचएसटी १२४ ग्रेन: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेले सुटतील. आमच्या ९ एमएमच्या ग्लॉक १९ पिस्तुलासाठी मी फेडरल कंपनीची एचएसटी नावाची हॉलो पॉइंट गोळी घेतली, १२४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), साध्या दाबाची, म्हणजे जास्त दाबाची 'प्लस पी' नसलेली. गेले कित्येक महिने तीच वापरतेय आणि बदलायचा विचार नाही. ती जगात भारी आहे म्हणून नव्हे. त्याच तोडीची दोन-तीन काडतुसं सहज मिळतात. पण ही आमच्या पिस्तुलात, माझ्या आणि नवऱ्याच्या अशा दोघांच्याही हातात, एकदाही अडकली नाही. माझ्या लेखी तेवढं पुरे.

आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. नवरा कामासाठी बरेच दिवस बाहेर असतो, मी रात्री उशिरा दुकान बंद करून एकटी घरी येते. पिस्तूल घेतलं ते ग्रीन कार्ड हातात आल्यावर. एच-१बीवर असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचा: नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूकच नव्हे, काडतूस जवळ बाळगणंही फेडरल कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या लायसनसारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घ्यायचे, रेंजवर भेटलेल्या दोस्ताकडून नव्हे.

पिस्तूल घ्यायला गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मला बघताच .३८० चं एक चिमुकलं पिस्तूल पुढे केलं, "लेडीज" म्हणून. हा प्रकार इथे जवळपास प्रत्येकीच्या वाट्याला येतो. खरं म्हणजे हलकं आणि लहान पिस्तूल हातात जास्त उसळतं, आणि साध्या ब्लोबॅक पद्धतीच्या, म्हणजे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) फक्त स्प्रिंग आणि वजनाने रोखणाऱ्या .३८० ची स्प्रिंग इतकी कडक असते की स्लाइड ओढताना मनगट भरून येतं. मध्यम आकाराचं ९ एमएम मला कितीतरी सोपं गेलं. शिवाय या कॅलिबरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या मापात, काडतुसांची निवड सगळ्यात मोठी आणि सरावाचा माल सगळ्यात स्वस्त.

आता हॉलो पॉइंटच का? सरावाला वापरतात ती एफएमजे, म्हणजे तांब्याचं पूर्ण कवच असलेली गोळी, शरीरातून आरपार जाते आणि पलीकडे कोण आहे ते बघत नाही. हॉलो पॉइंटच्या टोकाला खळगा असतो. आत शिरल्यावर तो उघडतो, गोळी रुंद होते, तिचा वेग मरतो आणि बहुतेक वेळा ती आतच थांबते. या गोळ्यांच्या इतिहासाशी आपलाही संबंध आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात पसरणाऱ्या गोळ्या बनल्या, आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने त्यांना युद्धात बंदी घातली. पोलीस आणि नागरिकांना ती बंदी लागू नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस हॉलो पॉइंट घेतल्या, त्यामागे आरपार जाणाऱ्या गोळ्यांनी तिसऱ्याच माणसाला इजा होऊ नये हा मोठा मुद्दा होता.

नुसतं पसरून मात्र भागत नाही. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यातल्या एकाला सुरुवातीलाच ९ एमएमची ११५ ग्रेनची हॉलो पॉइंट लागली. दंडातून छातीत शिरली, छान पसरली आणि हृदयाच्या जरा अलीकडे थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला. दोन एजंट मारले गेले. तिथून एफबीआयने चाचणीची पद्धत घालून दिली: १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच गेली पाहिजे, मध्ये जाड कपडे, प्लायवूड, जिप्समची भिंत, पत्रा किंवा गाडीची काच असली तरी. मधल्या काळात एफबीआय १० एमएमकडे आणि मग .४० कडे गेली. गोळ्या सुधारल्यावर, २०१४ मध्ये, तिच्याच प्रशिक्षण विभागाने ९ एमएमच्या बाजूने कारणं लिहून दिली. आज या कसोटीवर उतरलेली ९ एमएम गोळी कुठल्याही बऱ्या दुकानात मिळते, त्यामुळे कुठलं कॅलिबर चांगलं या वादात मी वेळ घालवत नाही.

यूट्यूबवर पारदर्शक ठोकळ्यात गोळी फुलताना दाखवतात ते बघायला मजा येते, पण तो बहुतेकदा सिंथेटिक जेल असतो. त्यात गोळी खऱ्या जिलेटिनपेक्षा वेगळी वागते. एफबीआयच्या पद्धतीने केलेल्या चाचण्यांचे आकडे कंपन्या स्वतःच देतात. ते बघून मी तीन नावं उरवली. फेडरल एचएसटी, स्पीअरची गोल्ड डॉट आणि हॉर्नडीची क्रिटिकल ड्यूटी. क्रिटिकल ड्यूटी १३५ ग्रेनची, खळग्यात पॉलिमरचं बूच बसवलेली, म्हणजे कापडाने खळगा बुजत नाही. गोल्ड डॉटमध्ये कवच आणि शिसं एकजीव केलेलं असतं, त्यामुळे काचेतून जाताना ते सुटत नाही. पण मला कुणाच्या गाडीच्या काचेतून गोळी मारायची नाहीये. यातलं कुठलंही चाललं असतं. एचएसटी घेतली कारण ती ५० च्या डब्यात मिळते, आणि हा मुद्दा पुढे किती महत्त्वाचा आहे ते बघा.

आता मुख्य गोष्ट. काडतूस मॅगझिनमधून (काडतुसं भरायच्या पेटीतून) वर येतं, त्याचं नाक बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, मागच्या उतारावर घासतं आणि ते चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या खाचेत, शिरतं. एफएमजेचं नाक गोल गुळगुळीत असतं, ते कसंही शिरतं. हॉलो पॉइंटचं तोंड बोथट आणि उघडं, ते एखाद्या पिस्तुलात उतारावर अडू शकतं. तुमच्या मित्राच्या पिस्तुलात जी मख्खन चालते ती तुमच्यात चालेलच असं नाही. म्हणून बहुतेक प्रशिक्षक सांगतात की जे काडतूस सोबत ठेवणार, तेच निदान दोनशे तरी आधी स्वतःच्या पिस्तुलातून झाडा, एकही अडथळा न येता. २० च्या डब्याला डॉलरामागे एक गोळी पडते. त्या हिशोबाने लोक एक डबा घेतात, पाच झाडतात आणि उरलेल्या कपाटात ठेवतात. याला चाचणी म्हणत नाहीत.

आम्ही ही चाचणी दोघांनी केली आणि तेच उपयोगी पडलं. त्या काळात सरावासाठी एका स्वस्त ब्रँडची ११५ ग्रेनची काडतुसं आणली होती. नवऱ्याच्या हातात ती निमूट चालली, माझ्या हातात मधूनच रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये उभी अडकायची. काडतुसात दारूचा जोर कमी, स्लाइड पूर्ण मागे जायला हात घट्ट लागतो, आणि माझी पकड त्याच्यापेक्षा हलकी. पकड सुधारल्यावर अडकणं कमी झालं, पण त्या डब्यावर मी विसंबले नसते. एचएसटी मात्र दोघांच्याही हातात, एका हाताने, डाव्या हाताने, मॅगझिन काठोकाठ भरून, सगळ्या प्रकारे चालली. घरात पिस्तूल वापरू शकतील असे दोघे असतील तर चाचणी दोघांनी करावी, आणि निर्णय कमजोर पकडीच्या माणसाच्या हातावर घ्यावा.

प्लस पीबद्दल: साध्या ९ एमएमची दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), प्लस पीची ३८,५००. ग्लॉकला ते झेपतं, पण झटका वाढतो आणि दुसरी गोळी लक्ष्यावर आणायला मला वेळ लागतो. साधी १२४ ग्रेन कंपनीच्या आकड्यानुसार सेकंदाला ११५० फूट वेगाने जाते, ते मला पुरेसं वाटतं. १४७ ग्रेनची शांत आणि मऊ असते. ती मी परत परत वापरून बघितली. नेमही छान लागतो, फक्त निशाणावर जरा वेगळ्या जागी बसते. ज्यांना झटका सोसत नाही त्यांनी ती बघावी.

महिनोन्महिने जवळ ठेवल्यावर कळणाऱ्या दोन गोष्टी. पहिली धोक्याची आहे. रोज रात्री पिस्तूल रिकामं करायचं आणि सकाळी तेच वरचं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवायचं, असं चालू ठेवलं की गोळी हळूहळू पुंगळीत आत दबत जाते. आतली जागा कमी झाली की दाब भयंकर वाढतो. मी तपासते ते असं: चढवलेलं काडतूस आणि डब्यातलं नवं, दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी उभी करायची आणि नजर त्यांच्या टोकांच्या पातळीवर आणायची. एचएसटीची पुंगळी निकेलने पांढरी केलेली असते, त्यामुळे ट्यूबलाइटखाली फरक लगेच दिसतो. जुनं केसभर जरी ठेंगणं दिसलं तरी ते वापरायचं नाही. शंका असली तर कॅलिपर (बारीक लांबी मोजायचं साधन) लावा. आणि मुळात रोज काढघाल करूच नका.

दुसरी गोष्ट किरकोळ: कमरेला लावून फिरलं की खळग्यात कापडाचा बारीक भुरका जमतो. त्याने काही बिघडतं असं मला वाटत नाही, पण काडतुसं मी वर्षाने बदलणार आणि जुनी सरावात संपवणार. पिस्तुलाला तेल लावताना ते प्रायमरवर, म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, जाऊ देऊ नका. ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नाही तर नळी समोर सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबायचं. आणि आवाज विचित्र, दबका आला तर पुढची गोळी अजिबात झाडायची नाही. आधीची बॅरलमध्येच अडकलेली असू शकते.

भिंतीचं मात्र आपल्या लोकांना खास सांगायला हवं. पुण्यातल्या विटांच्या भिंती डोक्यात असतात, आणि इथलं घर म्हणजे लाकडी चौकट आणि दोन्हीकडे जिप्समचे तक्ते. हॉलो पॉइंटही ते आरामात भेदते. शिवाय त्या चुऱ्याने खळगा बुजला की ती पसरतही नाही. "ही भिंतीतून जात नाही" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माणूस थांबवण्याइतकी खोल जाणारी गोळी तक्ताही भेदणारच. म्हणून मुलीची खोली कुठल्या बाजूला आहे ते धरून आम्ही कुठे उभं राहायचं हे ठरवलंय. पिस्तूल बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या तिजोरीत असतं, हे वेगळं सांगायला नको.

एडिसनकडच्या मंडळींसाठी: न्यू जर्सीत हॉलो पॉइंट घरात ठेवता येते, रेंजवर नेता येते, पण सोबत घेऊन फिरण्यावर कडक बंधनं आहेत. खळगा पॉलिमरने भरलेली, हॉर्नडीच्याच क्रिटिकल डिफेन्ससारखी काडतुसं तिथले राज्य पोलीस वेगळी धरतात. तरी आधी तिथला सध्याचा नियम वाचा, मगच खरेदी करा. भारतातल्यांना हे काहीच लागू नाही. तिथे ९ एमएम नागरिकांना बंद आहे, आणि .३२ रिव्हॉल्व्हरच्या परवान्यावर काडतुसांची संख्या मोजून दिलेली असते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या माझ्या मामांना मी दोनशे काडतुसांची चाचणी सांगितली तेव्हा ते म्हणाले, "अगं, एवढ्यात आमचा जन्म निघेल."

खर्च: सरावाची ९ एमएम साधारण पंचवीस-तीस सेंटला एक, एचएसटीचा ५० चा डबा दुकान बघून तीस ते चाळीस डॉलर. तुटवडा आला की हे भाव दुप्पट होतात, म्हणून स्वस्त असताना एकाच लॉट नंबरचे दोन-चार डबे घेऊन ठेवा. आणि दुकानात एचएसटी नसेल तर गोल्ड डॉटची १२४ ग्रेन घ्या, दोनशे झाडून बघा, आणि त्यावरच थांबा. नव्या नावाचं, नव्या आकाराचं, दुप्पट किमतीचं काडतूस दर सहा महिन्यांनी बाजारात येतं. मी आता त्यांचे डबे उचलूनही बघत नाही.