देणगी गोळा करून देणारी ऑनलाइन सेवा : सोय चांगली, पण टिपकडे लक्ष ठेवा

बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर ऊसतोड कामगार कारखान्यांकडे निघतात, आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठी आमची संस्था चालवत असलेल्या हंगामी वसतिगृहाचा खर्च नेमका त्याच वेळी उभा करावा लागतो. त्यासाठी यंदा आम्ही देणग्या गोळा करून देणारी एक ऑनलाइन सेवा वापरली. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी क्यूआर कोड स्कॅन करून लगेच पैसे पाठवले, आणि प्रत्येकाचे नाव, पॅन व रक्कम यांची यादी आम्हाला एक्सेलमध्ये तयार मिळाली. ही यादी फार मोलाची आहे, कारण देणगीवर दात्याला आयकरात सवलत मिळावी यासाठी संस्थेला देणग्यांची माहिती आयकर विभागाला कळवून दात्याला देणगीचे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला तर ती सवलत मिळतच नाही.

माझा आक्षेप आहे तो टिपबद्दल. पैसे भरण्याच्या पानावर सेवेसाठीची 'ऐच्छिक' टिप आधीच जोडलेली असते. ती शून्य करायची तर खालची बारीक अक्षरांतली यादी उघडून 'इतर' निवडावे लागते. पाचशे रुपये देणाऱ्या अंगणवाडी सेविकेकडून अशी जादा रक्कम नकळत जावी, हे मला अजिबात मान्य नाही. शिवाय पान मराठीत नाही, त्यामुळे वयस्कर दात्यांच्या शेजारी बसून मदत करावी लागली. लहान संस्थांनी ही सेवा जरूर घ्यावी, मात्र टिप कशी काढायची हे आवाहनातच स्पष्ट लिहावे.