आमवातावरची ‘शुद्ध आयुर्वेदिक’ पावडर : ४६,०५१ रुपये गेले, त्याची गोष्ट

हे लिहायला मला चार महिने लागले. लाज वाटत होती. मी शाळेत विज्ञान शिकवते, औषधाचं लेबल कसं वाचायचं हे मुलांना मीच सांगते. पण गेल्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या मावशींनी मोबाईल पुढे केला, “मॅडम, गुडघ्यासाठी हे मागवू का?” स्क्रीनवर माझ्या पावडरच्या जाहिरातीतला तोच माणूस, तीच पांढरी दाढी, तीच ‘मुळापासून बरं’ करण्याची हमी. मग म्हटलं, आता गप्प बसायचं नाही.

मला तीन वर्षांपासून आर.ए. (रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात) आहे. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या त्याच्या रक्ततपासण्या दोन्ही पॉझिटिव्ह. सकाळी दीड-दीड तास बोटं उघडत नाहीत. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (हा आजार आवरणारं औषध) आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड सुरू केलं. मेथोट्रेक्सेट काम करायला सहा ते बारा आठवडे घेतं. मला मात्र गोळीच्या दिवशी रात्रभर मळमळायचं आणि कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. डॉक्टरांकडे दोन तास थांबल्यावर चार मिनिटं मिळत. “त्रास होतो” म्हटलं की “होतो थोडा” एवढंच उत्तर. मी मूर्ख होते म्हणून त्या पावडरकडे वळले नाही, दुखत होतं म्हणून वळले. ज्याला स्वतःच्या ब्लाउजचं हूक लावता येत नाही, त्याने मला शहाणपण शिकवावं. बाकीच्यांनी नाही.

व्हिडिओखालच्या नंबरवर फोन केला. एका माणसाने ‘ताई, ताई’ करत वीस मिनिटं ऐकून घेतलं. तीन वर्षांत एवढं कोणीच ऐकलं नव्हतं. नोंदणीचे ५५१ रुपये, पहिल्या महिन्याचे ४,८००. सगळं यूपीआयने, एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर. पार्सलमध्ये प्लॅस्टिकच्या पुड्या, वर स्टेपलरची पिन. बनवणाऱ्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. चूर्ण तपकिरी, पण पुडी उजेडात धरली की तळाशी बारीक पांढरी भुकटी साचलेली दिसायची. मी ती पाहिली होती. चमच्याने ढवळून घेतली आणि पाण्याबरोबर गिळली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओला टॉवेल दोन्ही हातांनी पिळला. बाथरूममध्ये उभी राहून रडले. नवऱ्याला हाक मारून दाखवलं. त्याच आनंदात मेथोट्रेक्सेट बंद केलं, कारण फोनवरच्या माणसाने सांगितलं होतं, “इंग्रजी औषधाबरोबर आपलं औषध लागू पडत नाही, आणि तीन महिने रक्त तपासू नका, शुद्धी चालू असताना रिपोर्ट खोटे येतात.”

पण ज्या वाक्यावर मी फोन ठेवून द्यायला हवा होता, ते वेगळंच होतं. दुसऱ्या वेळी पैसे भरताना (तीन महिन्यांचा कोर्स, १३,५०० रुपये) तो म्हणाला, “ताई, पुडी एकही दिवस चुकवायची नाही. एकदम बंद केली तर आजार उलटतो.” मला ती काळजी वाटली. आता ते वाक्य रोज रात्री आठवतं. पाला-मुळ्यांचं चूर्ण एक दिवस चुकलं तर माणूस कोसळतो का? एकदम बंद करायचं नसतं ते स्टेरॉइड. पुडीत काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याने ते मला जवळजवळ सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

त्यानंतर गाल वर आले, चेहरा गोल झाला. सासूबाई म्हणाल्या, तब्येत भरली, छान दिसतेस. दंडावर नुसता धक्का लागला तरी काळेनिळे डाग उठायचे. फोनवर उत्तर तयार होतं : विष बाहेर पडतंय. त्यासाठी ६,२०० रुपयांचं ‘शरीरशुद्धी किट’. मग ‘सुवर्णभस्म’ घातलेला पुढचा कोर्स, २१,००० रुपये, दर महिन्याला एक पार्सल. बेरीज करून बघा, ४६,०५१ होतात.

सहा महिने झाल्यावर पार्सल पाच दिवस उशिरा आलं. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, उभं राहता येईना, रक्तदाब खाली गेला. दवाखान्यात साखर २८६ निघाली. मला मधुमेह कधीच नव्हता. तिथल्या तरुण डॉक्टरांनी माझा चेहरा बघूनच विचारलं, “पुड्या घेता का?” सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं तर जवळजवळ नाहीच. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं. ते अचानक तुटलं की जीवसुद्धा जाऊ शकतो.

त्याच डॉक्टरांनी सांगितलं, १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये आर.ए.ने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं. दुष्परिणामही लवकरच दिसले : गोल चेहरा, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर. म्हणजे माझा ‘चमत्कार’ पंचाहत्तर वर्षांहून जुना होता. डॉक्टर स्टेरॉइड देतात तेव्हा मोजून देतात, हळूहळू उतरवतात. इथे कोणीतरी परातीत अंदाजाने मिसळत होतं. मी ३,५४० रुपये भरून खासगी प्रयोगशाळेत पुडी तपासून घेतली : डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) आणि डायक्लोफिनॅक (वेदनाशामक). स्टेरॉइडने दुखणं झाकलं, पण मेथोट्रेक्सेट बंद असल्याने सांधे आतून झिजत राहिले. एक्स-रेमध्ये उजव्या हाताच्या दोन सांध्यांत हाड खाल्लेलं दिसतं. ते आता भरून येत नाही.

आणि तक्रार? पोलिस ठाण्यात साहेब म्हणाले, “मॅडम, पैसे तुम्हीच पाठवले, माल मिळाला, मग फसवणूक कसली?” अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच मागायला तीन वेळा गेले, या हातांनी, जिन्याचा कठडा धरत. औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कार्यालयात एकाने सांगितलं, हे आयुर्वेदिक, दुसरा कक्ष. दुसऱ्या कक्षात सांगितलं, पत्ता परराज्यातला. तिसऱ्याने माझा रिपोर्ट वाचलाही नाही : खासगी तपासणी चालत नाही आणि फोडलेलं पाकीट नमुना म्हणून घेता येत नाही. वर ऐकवलं की वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनवलं तर परवाना लागत नाही. अहो, कसला वैद्य? त्याने माझी नाडी तर सोडाच, तोंडही पाहिलं नाही! १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायलाच मनाई आहे त्यांच्या यादीत संधिवात आहे. मी कायद्याची प्रत काढून नेली. ती टेबलावर तशीच पडून राहिली, पंखा तिची पानं उलटत होता. जाहिरात आजही चालू आहे, फक्त पावडरचं नाव बदललंय.

जिल्हा ग्राहक आयोगात मात्र अर्ज घेतला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत जा. पैसे गेल्याचं लगेच कळलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, माझ्यासारखे महिने घालवू नका. दोन-तीन दिवसांत जादू झाली तर पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. पण ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, हे कळकळीने सांगते. डॉक्टर मला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन ते पाच महिन्यांत उतरवत आणताहेत. मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू आहे. मळमळीबद्दल या वेळी मी खुर्चीवरून न उठता विचारलं, तर त्यांनी गोळीऐवजी इंजेक्शन दिलं आणि त्रास निम्मा झाला. एवढं आधी झालं असतं तर…

माझ्याकडे उरलेल्या नऊही पुड्या फोडलेल्या आहेत. कोणाकडे अशी पिन मारलेली, न उघडलेली पुडी असेल तर फेकू नका. कुरियरची पावती आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट तिच्याबरोबर ठेवा, आणि तक्रार द्याल तेव्हा पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.