फाटक नसलेल्या उद्यानाचं तिकीट

हिरोशिमाच्या शांती स्मारक उद्यानाला फाटक नाही आणि तिकीटही नाही. एरवी चोवीस तासांत कधीही जावं, नदीकाठी बसावं. अणुबॉम्ब घुमटाभोवती, म्हणजे स्फोटानंतरही उभ्या राहिलेल्या भग्न इमारतीभोवती, मात्र कुंपण आहे आणि पर्यटकांना आत सोडत नाहीत. तो बाहेरूनच पाहायचा असतो. असं असूनही ‘उद्यान प्रवेश, घुमट प्रवेश, रांगेशिवाय’ अशी ओळ असलेलं आणि त्यापुढे माणशी ३,००० येन लावलेलं कोटेशन एखाद्या सहल विकणाऱ्याकडून व्हॉट्सॲपवर आलं, तर पुढचं वाचायचीही गरज नाही. जे विकता येतच नाही, ते विकायला काढलंय.

ही फसवणूक चालते कशी, हे कळायला ती जागा लक्षात घ्यावी लागते. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी जिथे शहर जळालं, तिथे उभं राहून हजार-दोन हजार येनसाठी हुज्जत घालायला माणसाला लाज वाटते. संग्रहालयातून बाहेर आलेल्या कुटुंबात तर कुणाला बोलायचीही इच्छा नसते. नेमकं तेव्हाच वाटाड्याचं पाकीट पुढे येतं, ‘संध्याकाळच्या बोटीचे, देवळाचे आणि शांती निधीचे जमा करतोय’. मुंबईत रिक्षाच्या मीटरवरून भांडणारा माणूस इथे मुकाट्याने नोटा काढून देतो.

म्हणून खरे दर घरून निघतानाच खिशात हवेत. २०२५ मधले सांगतो. शांती स्मारक संग्रहालय प्रौढांना २०० येन, माध्यमिक शाळेपर्यंतच्या मुलांना मोफत. हिरोशिमा स्थानकातून घुमटापर्यंत ट्राम २४० येन. स्थानकातून मियाजिमागुची, म्हणजे मियाजिमा बेटाकडे जाणाऱ्या बोटींचा धक्का, जेआरच्या (जपानी रेल्वेच्या) लोकलने साधारण अर्धा तास, ४२० येन. तिथून फेरी दहा मिनिटांची, एका बाजूचे २०० येन, शिवाय बेटाचा प्रवासी कर १०० येन. हा कर १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालाय आणि तो फेरीच्या तिकिटासोबतच घेतला जातो. बेटावरच्या इत्सुकुशिमा देवस्थानात ३०० येन. ट्रामच्या जाण्या-येण्यासकट सगळी बेरीज केली तर हिरोशिमात मुक्काम असलेल्या माणसाचा दिवस जेवण सोडून अडीच हजार येनच्या आत बसतो. रुपयात दीड हजारांच्या आसपास. त्यापुढचं जे काही आहे ते वाटाड्याचं मानधन, गाडी आणि नफा. यातलं काहीच गैर नाही, फक्त ते ‘प्रवेश शुल्क’ म्हणून सांगितलेलं नसावं.

मानधनाची एक खूण पक्की आहे. परवानाधारक मार्गदर्शक पूर्ण दिवसाचे पैसे सहसा गटाला मिळून सांगतो, साधारण ३० ते ५० हजार येन, आणि तिकिटं, जेवण ज्याचं त्याने द्यायचं हेही सांगतो. खासगी सहल म्हणून सहा जणांच्या कुटुंबाला ‘माणशी २५ हजार, ऑल इन्क्लुझिव्ह’ असा भाव आला, की दीड लाख येन होतात. मग प्रत्येक गोष्टीचा आकडा वेगळा मागावा. प्रामाणिक माणूस तासाभरात पाठवतो. दुसरा ‘सर, पॅकेजमध्ये ब्रेकअप नसतो’ असं म्हणतो.

परवान्याबद्दल आपल्याकडे बराच गोंधळ आहे, आणि त्याचा फायदा घेतला जातो. जपानमध्ये पूर्वी परदेशी भाषेत पैसे घेऊन वाटाड्याचं काम करायला परवाना लागायचा. ४ जानेवारी २०१८ पासून ते बंधन गेलं. आता कुणीही पैसे घेऊन वाट दाखवू शकतो, पण ‘झेनकोकु त्सूयाकु आन्नाइशी’ (देशपातळीवरचा दुभाषा-मार्गदर्शक) ही पदवी परीक्षा पास होऊन नोंदणी केलेल्यांनाच लावता येते. त्यांच्याकडे नोंदणीपत्र असतं आणि मागितल्यावर ते दाखवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे विनापरवाना वाटाड्या गुन्हेगार नाही, पण ‘गव्हर्न्मेंट लायसन्स्ड’ म्हणवून घेऊन कार्ड दाखवायला टाळाटाळ करणारा खोटारडा आहे. गळ्यात लॅमिनेट केलेलं, फोटो आणि उगवत्या सूर्याचं चित्र असलेलं कार्ड हे नोंदणीपत्र नव्हे.

वाहतूक जोडून सहल विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला पर्यटन व्यवसायाची नोंदणी लागते, एकतर पर्यटन संस्थेच्या आयुक्तांकडे किंवा प्रांताच्या राज्यपालांकडे, आणि त्या नोंदणीला क्रमांक असतो. कोटेशनवर तो क्रमांक लिहून मागावा. नोंदणी असलेल्या कंपनीने अनामत भरलेली असते किंवा तिच्या संघटनेमार्फत तशी हमी असते. बुडवलं तर ग्राहकाला त्यातून दावा करता येतो. क्रमांक नसला, तर हा दरवाजा बंदच.

आता गाडी. इथे शहानिशा करायला भाषा यावी लागत नाही, डोळे पुरेत. जपानमध्ये भाड्याने माणसं नेणाऱ्या गाडीची नंबरप्लेट हिरवी असते, त्यावर पांढरी अक्षरं. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. पांढऱ्या प्लेटवर जपानी लिपीतलं ‘वा’ हे अक्षर असलं तर ती बहुतेक रेंट-अ-कार. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघता येतं. अशा गाडीत परवानगीशिवाय पैसे घेऊन पाहुणे फिरवणं बेकायदा आहे, जपानीत त्याला ‘शिरो-ताकु’ म्हणजे पांढरी टॅक्सी म्हणतात. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि पोलिसांनी अडवलं तर तुमचा दिवस रस्त्याच्या कडेला संपतो. असा चालक बऱ्याचदा आधीच पढवून ठेवतो, ‘कुणी विचारलं तर आम्ही मित्र आहोत म्हणा’. हे वाक्य ऐकलं की गाडीत बसू नये.

ओसाकाहून सकाळी गाडीने हिरोशिमा-मियाजिमा करून रात्री परत, असं कुणी विकत असेल तर नकाशा उघडावा. एका बाजूचं अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या वर, थांबे धरून चार-साडेचार तास. सात वाजता निघालात तर साडेअकराच्या सुमाराला घुमटापाशी. संग्रहालयाला नीट बघायला दोन तास लागतात. बेटावर देवस्थान ऋतूनुसार संध्याकाळी ५ ते ६ च्या दरम्यान बंद होतं आणि बाजारातली दुकानंही पाचच्या सुमाराला शटर ओढतात. काहीतरी कापावंच लागतं, आणि बहुधा संग्रहालयच कापलं जातं, ‘आज खूप गर्दी आहे’ म्हणून. नोझोमी ही शिंकानसेन (बुलेट ट्रेन) शिन-ओसाकाहून दीड तासाच्या आत पोचवते. तिचं राखीव तिकीट एका बाजूला साडेदहा हजार येनच्या आसपास. पाच दिवसांचा कन्साइ-हिरोशिमा पास २०२५ मध्ये १७,००० येनचा होता, त्यात ही गाडीही चालते आणि मियाजिमाची जेआर फेरीही. म्हणजे एकदा जाऊन-येऊनच पासाचे पैसे वसूल. हे माहीत असूनही दोन्ही बाजूंच्या तिकिटांचे सुटे पैसे लावून आत पास वापरणारे एजंट आहेत. प्रवासाचं तिकीट हातात मागा, पासवर नाव तुमचं असतं.

बेटावरची फसवणूक भरती-ओहोटीवर चालते. जाहिरातीत एकाच दिवशी ‘समुद्रात तरंगणारी तोरी’ (तोरी म्हणजे देवस्थानासमोरची कमान) आणि ‘तोरीखालून चालत जा’ असे दोन्ही फोटो असतात. पाण्याची पातळी २५० सेंटीमीटरच्या वर असेल तर देवस्थान तरंगल्यासारखं दिसतं. १०० च्या खाली गेली तरच तोरीपर्यंत पायी जाता येतं. कोकणात खाडीकाठी वाढलेल्याला हे सांगायला नको. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी खूप वर चढतं आणि खूप खालीही जातं. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, ओहोटीलाही वाळू उघडी पडेलच असं नाही. मियाजिमाचं भरतीचं वेळापत्रक आधीच प्रसिद्ध होतं, त्यामुळे तारीख ठरवतानाच सांगता येतं की दुपारी तीनला काय दिसेल. वाटाड्याला तोच प्रश्न विचारावा. ‘नशीब असेल तर’ असं उत्तर आलं, तर त्याने वेळापत्रक उघडूनही पाहिलेलं नाही.

याच जागी आणखी एक जुनी युक्ती आहे, ‘तोरी क्रूझ’ म्हणून दीड-दोन हजार येन वेगळे घेणं. जेआरची नेहमीची फेरी दिवसा मियाजिमाकडे जाताना तोरीच्या जवळून वळसा घेते, त्याच २०० येनमध्ये. उजवीकडे उभं राहायचं, एवढंच. उद्यानाच्या काठावरून थेट बेटावर जाणारी छोटी बोट मात्र खरोखर वेगळी आणि महाग आहे, साधारण पाऊण तासाची. पुलांखालून जात असल्याने पाण्याच्या पातळीनुसार तिच्या फेऱ्या रद्दही होतात. रद्द झाल्यावर ट्रेनने नेलं, तर फरकाचे पैसे परत मागायचे. रोपवेचंही तसंच. बेटावरच्या मिसेन डोंगरावर जायला २०२५ मध्ये जाऊन-येऊन २,००० येन होते, आणि वाऱ्यात किंवा तपासणीसाठी तो बंद असतो.

पोशाखी ज्ञानाची परीक्षा घ्यायची असेल तर तीन प्रश्न पुरे. बॉम्ब घुमटावर पडला का? नाही, तो सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, आणि त्याखालची जागा घुमटापासून १६० मीटरच्या आसपास, शिमा रुग्णालयापाशी आहे. तिथे रस्त्याकडेला फलक आहे आणि जाणता माणूस तिथे नेतोच. तोरीचे खांब समुद्रतळात गाडलेत का? नाही, १८७५ साली उभारलेली ती कापराच्या लाकडाची कमान स्वतःच्या वजनावर उभी आहे, सुमारे ६० टन. तिसरा प्रश्न आपल्या माणसांसाठी, गांधीजींचा पुतळा कुठे? मोतोयासु नदीच्या काठी, घुमटाजवळ. मे २०२३ मध्ये तो बसवला आणि घडवला आहे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. ‘भारतीय पाहुण्यांसाठी खास’ म्हणून सहल विकणाऱ्याला हे माहीत नसेल, तर खास काय ते त्यालाच विचारावं.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार साक्षीचा. ‘हिबाकुशांची’, म्हणजे बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्यांची, ‘खासगी भेट’ म्हणून दहा-पंधरा हजार येन मागितले जातात. संग्रहालयात वाचलेल्यांच्या आठवणी पुढे सांगण्यासाठी शहराने प्रशिक्षित केलेली माणसं असतात, त्यांची कथनं मोफत असतात आणि काही इंग्रजीतही. उद्यानात व संग्रहालयात माहिती देणारे हिरोशिमा पीस व्हॉलंटियरही पैसे घेत नाहीत, आधी कळवून ठेवावं लागतं.

‘जैन लंच’ हे आणखी एक फसवं कलम. हिरोशिमाच्या ओकोनोमियाकी नावाच्या धिरड्यात डुकराचं मांस असतं, ते काढलं तरी वर माशाची पूड पडते. बेटाची ख्याती कालवांची आणि आनागो माशाची. मोमिजी मंजू या गोड पदार्थाच्या आवरणात अंडं. रेस्टॉरंटचं नाव आधी लिहून मिळालं नसेल तर ते लंच म्हणजे कन्व्हीनियन्स स्टोअरमधला भाताचा गोळा समजा.

पैसे देताना भारतातल्या कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पूर्ण रक्कम टाकू नये. कार्डाने दिलेल्या पैशांवर बँकेकडे तक्रार करता येते, रोख येनवर नाही. पूर्ण जपान पॅकेज घेताना ‘टीसीएस’ (विक्रेत्याने गोळा करायचा कर) म्हणून कुणी रक्कम घेतली आणि पॅन विचारलाच नाही, तर ती तुमच्या नावे जमा होणार नाही. आणि ‘एकदा बुक केलं की परतावा शून्य’ ही अट जपानच्या प्रमाण करारात बसत नाही. तिथे देशांतर्गत एकदिवसीय सहलीला रद्द शुल्क दहाव्या दिवसापासून सुरू होतं, तेही २० टक्क्यांपर्यंत. सातव्या दिवसापासून ३०, आदल्या दिवशी ४०, त्या दिवशी निघण्याआधी ५०.

फसवले गेलात तर तिथेच गाडीची प्लेट, वाटाड्याचं कार्ड आणि पाकिटात टाकलेल्या नोटांचे फोटो काढा. पर्यटकांसाठीची ग्राहक तक्रार लाइन ०३-५४४९-०९०६ आहे, कामाच्या दिवशी १० ते ४. जपान पर्यटन संघटनेची ०५०-३८१६-२७८७ ही लाइन चोवीस तास चालते. अडवून ठेवलं किंवा दमदाटी केली तर सरळ पोलिसांना, ११०. पैसे भारतातून गेले असतील तर भारतातल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच दिवशी, कारण खातं रिकामं व्हायला वेळ लागत नाही.

सकाळी स्थानकावर भेट झाल्याबरोबर, उरलेले पैसे देण्याआधी, पावती मागा. जपानीत ‘र्योशूशो’, त्यावर कंपनीचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. नाही म्हणाला तर तिथूनच वळा. २ आणि ६ क्रमांकाच्या ट्राम स्थानकाच्या दुसऱ्या मजल्यावरून सुटतात, आणि घुमटासमोरचा ‘गेनबाकु दोमु-माए’ थांबा पंधरा-वीस मिनिटांवर आहे.