शेळ्यांना नुसती चराई, की जोडीला खुराक?

मेहुण्याकडे दहा उस्मानाबादी शेळ्या आहेत. शेजारी म्हणतो, शेळी झुडपावर जगते. दुकानदार पशुखाद्याचं पोतं पुढे करतो. पोत्यावर काय छापलंय ते सोडून देऊ.

खर्च: चराईला राखणाऱ्याचा वेळ, बाकी काही नाही. खुराक म्हणजे मका भरडा आणि पेंड; शेळीमागे रोज 200 ग्रॅम धरला, तर दहा शेळ्यांना महिन्याला 60 किलो.

वाढ: पावसाळ्यात रान हिरवं असताना फरक थोडाच दिसतो. उन्हाळ्यात मात्र नुसत्या चराईवरची करडं खुंटतात. मादी करडू माजावर येणं वयापेक्षा वजनावर जास्त अवलंबून असतं, त्यामुळे खुंटलेलं करडू उशिरा गाभण राहतं.

प्रजनन: खुराकाचे पैसे खरे इथे वसूल होतात. बोकड लावण्याआधी दोन-तीन आठवडे खुराक दिला, तर रोडावलेल्या शेळीत जास्त स्त्रीबीजं सुटतात आणि जुळ्यांची शक्यता वाढते. आधीच अंगाने भरलेल्या शेळीला त्याचा फारसा उपयोग नाही; उलट चरबी चढलेली शेळी गाभण राहायला त्रास देते. गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. शेवटच्या सहा आठवड्यांत पोटातलं पिल्लू झपाट्याने वाढतं, तेव्हा उपाशी ठेवलं तर करडं अशक्त आणि दूधही कमी.

धोका: धान्य एकदम वाढवलं की पोटात आम्ल होतं. हळूहळू वाढवा.

रान चांगलं आणि शेळ्या चार-दोनच असतील तर चराई पुरे, फक्त गाभणकाळाच्या शेवटी खुराक द्या. ईदला बोकड विकायचे असतील तर त्यांना रोज लागेल. मेहुण्याने वर्षभर सगळ्यांना घालू नये.