विश्रामबागेतला इंग्रजी टेन्सचा क्लास, लावावा का?

आधी निकाल सांगते, मग पुढं वाचा नाहीतर सोडा. पाचपैकी चार स्टार. ज्याला गो-वेंट-गॉन पाठ आहे पण मेल लिहायला बसलं की हात अडतो त्याच्यासाठी हा क्लास एकदम करेक्ट, आणि ज्याला एबीसीडीपासून सुरुवात करायचीय किंवा दहावीतल्या पोराला मार्कांसाठी घालायचंय त्यांनी दुसरीकडं बघा. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि सांगली केवढीशी ओ, उद्या भाजी घेताना मॅडम समोर यायच्या.

मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर कामाला आहे, सौदे बाकीचे बघतात आणि बाहेरच्या पार्ट्यांचे मेल माझ्याकडं. आमच्या प्रत्येक मेलमध्ये एक वाक्य ठरलेलं, की सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. आता हे 'हॅज गॉट' की नुसतं 'गॉट' यावर पेढीवर दोन पार्ट्या होत्या, शेठ हॅजवाले कारण त्यांना ते भारदस्त वाटायचं. असल्या भांडणाचं उत्तर पाहिजे होतं म्हणून क्लास लावला, फाडफाड इंग्रजी बोलायची हौस म्हणून नाही.

मॅडम रिटायर्ड आहेत, आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी बारा खान्यांचा तो तक्ता (सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट वगैरे, शाळेत भिंतीवर असायचा तोच) दाखवला आणि बाजूला ठेवून दिला. म्हणाल्या, हा पाठ असून तुमचं अडतंय म्हणूनच तुम्ही इथं आलाय ना, मग परत तेच कशाला. इंग्रजी क्रियापदाला स्वतःची रूपं काळाची दोनच, वर्क आणि वर्क्ड. भविष्याचं वेगळं रूप त्याला नाहीच, आपल्याकडं 'करीन' म्हटलं की झालं पण त्यांना विल आणावं लागतं, नाहीतर गोइंग टू, नाहीतर सरळ 'आय ॲम गोइंग टू पुणे टुमॉरो' म्हणून चालू काळावर भागवायचं. बाकी सगळा डोलारा बी आणि हॅव या दोन मदतनिसांवर. एवढं ऐकूनच आमच्या बाकावरचा एक एमपीएससीवाला दादा म्हणाला, मग बारा टेन्स पाठ करत आम्ही वर्षं का घालवली ओ. मॅडम हसल्या नुसत्या.

खरी मजा पुढं आहे. त्या इंग्रजी वाक्य आधी सांगतच नाहीत, आपण घरात मराठीत काय बोलतो ते फळ्यावर लिहितात आणि ते इंग्रजीत नेताना पाय कुठं घसरतो ते दाखवतात. 'माल पाठवला' आणि 'माल पाठवलाय' यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. पाठवलाय म्हणजे काम झालंय आणि त्याचा आत्ताशी संबंध आहे, तेच प्रेझेंट परफेक्ट, वुई हॅव सेंट द लॉट. इथपर्यंत सोपं. पण मराठीत आपण 'सोमवारी पाठवलाय' पण बिनधास्त म्हणतो आणि तिथंच गोची आहे, कारण इंग्रजीत सोमवार, काल, २०१८ असा संपलेला वेळ वाक्यात आला की हॅव चालत नाही, वुई सेंट द लॉट ऑन मंडे. म्हणजे जीआयच्या वाक्यात साल आहे तर 'गॉट', साल काढून टाकलं तर 'हॅज गॉट' चालेल. शेठना सांगितलं, त्यांनी साल काढून टाकलं. हॅज राहिलं पाहिजे म्हणून.

दुसरं, 'काल मिरजेला गेलो होतो'. हे तर आपल्या तोंडात बसलेलंच आहे, आणि त्यामुळं सगळी सांगली 'आय हॅड गॉन टू मिरज यस्टर्डे' लिहिते. इंग्रजीत तिथं साधं आय वेंट पुरतं. हॅड गॉन कधी, तर भूतकाळातल्याच दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या आधी हे झालं असं दाखवायचं असेल तेव्हा, पार्टीचा फोन आला तोपर्यंत ट्रक निघाला होता, द ट्रक हॅड लेफ्ट. मॅडमनी आम्हाला आपापल्या ऑफिसातले मेल आणायला सांगितले होते आणि त्यातले हॅड लाल पेनानं उडवत बसलो सगळे, दहातले एखाददोनच राहायचे.

मग 'आलोच'. फोनवर बायको विचारते कुठं आहात, गडी कोल्हापूर रोडला आणि म्हणतो आलोच, म्हणजे रूप भूतकाळाचं आणि माणूस अजून यायचाय. इंग्रजीत ॲम कमिंग. 'पाऊस आला तर' मध्ये पण तसंच, आपलं रूप भूतकाळाचं, त्यांचं वर्तमानाचं, इफ इट रेन्स, आणि तिथं विल घालायचं नाही, विल पुढच्या अर्ध्या वाक्यात. 'पाऊस आला असता तर' झालं की मग इफ इट हॅड रेन्ड. हे एका तासात जेवढं डोक्यात गेलं तेवढं कॉलेजात कंडिशनलच्या टाईप वन टू थ्री मध्ये गेलं नव्हतं. शेजारची मुलगी म्हणाली की आपण मराठी इतकं अवघड बोलतो हे माहितीच नव्हतं, आणि मला पण तेच वाटलं खरं सांगायचं तर.

'तीन वर्षं इथं काम करतोय' ला आपण आय ॲम वर्किंग हियर सिन्स थ्री इयर्स लावून देतो, दोन्ही चुका एकाच वाक्यात. हॅव बीन वर्किंग पाहिजे, आणि वर्षं मोजली तर फॉर, साल सांगितलं तर सिन्स. वुई आर हॅविंग स्टॉक हे पण बंद, हॅव म्हणजे जवळ असणं असेल तर त्याला आयएनजी लागत नाही, आर हॅविंग लंच मात्र चालतं कारण तिथं जेवण चालू आहे. नो (माहीत असणं), लाईक, बिलॉंग ही पण त्याच पंगतीतली.

क्रियापदांची रूपं मात्र त्यांनी भराभर उरकली. बीची आठ रूपं (बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग, बीन), बहुतेकांची चार-पाच, पुटसारख्यांची तीनच. ईडीचा उच्चार तीन तऱ्हेनं होतो, वर्क्ट, कॉल्ड, वॉन्टिड, हे सांगितलं ते बरं केलं, नाहीतर आपण सगळीकडं वर्केड-वर्केड करत बसतो. पण सराव? नाही. एकदा सांगितलं, झालं. डिडनंतर व्ही वन, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप, येतो हे सगळ्यांना माहिती असतं आणि तरी बोलताना डिड यू वेंट निघतंच, ते तोंडाला सवय लागल्याशिवाय जात नाही आणि ती सवय हा क्लास लावत नाही. माझा एक स्टार मुख्यतः इथं गेला.

बाकी तक्रारी. नोट्स झेरॉक्सची झेरॉक्स, व्ही टू आणि व्ही थ्रीच्या रकान्यात ड्रँक-ड्रंक उलटे छापलेत, लाय आणि ले तर एकाच ओळीत कोंबलेत, जिथं मुळात माणूस गोंधळतो तिथंच गोंधळ. रिपोर्टेड स्पीच शेवटच्या आठवड्यात पळवलं, खरंतर 'तो म्हणाला मी येतो' मध्ये आपण काळ हलवत नाही आणि इंग्रजीत ही सेड ही वुड कम होतं, हा मुद्दा त्यांच्या पद्धतीत किती छान बसला असता. व्हॉट्सॲप ग्रुपवर अभ्यासापेक्षा गुड मॉर्निंगची फुलं जास्त.

बॅचमध्ये मिरजेच्या हॉस्पिटलमधल्या दोन सिस्टर पण होत्या, बाहेर देशात जायला आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या. त्यांचं म्हणणं वेगळं पडलं आणि ते पण बरोबरच आहे. त्या परीक्षेत लिखाणाचे चार निकष असतात, ग्रामर त्यातला एक. परीक्षेत वर्णन करायला दिलेल्या तक्त्यातली सालं मागची असतील तर इन्क्रीज्ड, आजपर्यंतची असतील तर हॅज इन्क्रीज्ड, एवढं त्यांना इथं पक्कं झालं, पण निबंध तपासून द्यायला मॅडमना वेळ नाही. तेव्हा परीक्षावाल्यांनी हा क्लास जोडीला लावा, एकट्यावर विसंबू नका.

फी २५००, दीड महिना, संध्याकाळी सात ते साडेआठ, हप्ता करून देतात पण मागायला लागतो. जागा पहिल्या मजल्यावर, खाली मेडिकल, गाडी त्याच्या दारात लावली की तो ओरडतो, मागच्या बोळात लावा. डेमो लेक्चर फुकट आहे, त्याला जाताना स्वतःचे दोन-चार मेल किंवा मेसेज प्रिंट काढून न्या आणि मॅडमच्या पुढं ठेवा, त्या दिवशीच कळेल तुमचं नेमकं कुठं अडतंय आणि २५०० घालायची गरज आहे का नाही ते.