भिंतीतली तीन इंचांची पोकळी: ‘कॉस्टफोर्ड’च्या कामाचा अनुभव

घर बांधायचे ठरले तेव्हा आमच्याजवळ कराडच्या बाजूला तीन गुंठे जागा आणि अंदाजपत्रकाला पुरे न पडणारे बँकेचे कर्ज होते. खर्च कुठे कमी करता येईल असे विचारले की खोली लहान करा किंवा फरशी स्वस्तातली घ्या, एवढेच उत्तर मिळत असे. भिंतीकडे आणि स्लॅबकडे बोट कोणीच दाखवत नव्हते. केरळमधील ‘कॉस्टफोर्ड’ या ना-नफा संस्थेने नेमके तिथे बोट ठेवले. त्या घरात आता तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे काढून झाले आहेत, म्हणून कमी खर्चात, कमी ऊर्जेत टिकाऊ घर बांधू पाहणाऱ्यांसाठी या संस्थेच्या कामाचा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

संस्थेची स्थापना १९८५ साली त्रिशूरला झाली. केरळचे माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, अर्थतज्ज्ञ के. एन. राज आणि वास्तुविशारद लॉरी बेकर ही स्थापनेमागची ठळक नावे. बेकर मूळचे इंग्रज, पण त्यांच्या विचाराचे एक मूळ आपल्या मुंबईत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमधून मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत ते मुंबईत अडकले होते, तेव्हा त्यांची गांधीजींशी भेट झाली. बेकर यांच्या पायातले हाताने शिवलेले कापडी जोडे गांधीजींच्या नजरेत भरले आणि तिथून बोलणे सुरू झाले, असे बेकर सांगत. खेड्यातले घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून उभे राहावे, ही गांधीजींची अपेक्षा त्यांनी पुढे आयुष्यभर कामात उतरवली. ‘कॉस्टफोर्ड’ आजही त्याच पद्धतीने श्रीमंतांची घरे बांधते आणि झोपडपट्टीतील कुटुंबांचीही.

निर्णय घेण्यापूर्वी मी आणि माझे यजमान तिरुवनंतपुरमला चार दिवस राहिलो. उळ्ळूरच्या विकास अध्ययन केंद्राचा परिसर बेकर यांनी १९७०च्या दशकात उभारला. तिथल्या भिंती झाडांना वळसा घालून जातात, आणि विटा सोडून सोडून रचलेल्या जाळीतून वारा आणि उजेड आत येतो, पण ऊन येत नाही. रेल्वे स्थानकाजवळच्या तंपानूरमधील इंडियन कॉफी हाउसमध्ये तर आम्ही तीन वेळा गेलो. ही गोल इमारत जिन्याऐवजी गोगलगाईच्या शंखासारख्या वर चढत जाणाऱ्या उतरणीवर बांधलेली आहे. टेबले बाहेरच्या भिंतीलगत आणि भिंतीला सगळीकडे चौकोनी झरोके. भर दुपारी त्या झरोक्याला हात लावून बसले असता आत येणारी झुळूक तळहाताला जाणवते. ज्यांना या पद्धतीबद्दल शंका आहे त्यांनी आधी इथे बसून एक कॉफी प्यावी, असे मी मनापासून सुचवेन.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे भिंत. आपल्याकडे वीट आडवी ठेवून बांधतात. बेकर यांनी भारतात रुजवलेल्या ‘रॅट-ट्रॅप’ बांधणीत वीट तिच्या कडेवर उभी राहते. बाहेरच्या बाजूला एक पदर, आतल्या बाजूला दुसरा पदर, मध्ये सुमारे तीन इंचांची पोकळी, आणि ठराविक अंतरावर दोन्ही पदरांना धरून ठेवणारी आडवी वीट. भिंत नऊ इंचांचीच राहते, पण विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि जोडणीचा सिमेंट-वाळूचा मालही कमी लागतो. पोकळीतली हवा बाहेरची उष्णता सहजासहजी आत पोचू देत नाही. वीट भट्टीत भाजली जाते आणि सिमेंट सुमारे १४५० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून तयार होते, त्यामुळे वाचलेली प्रत्येक वीट आणि सिमेंटची प्रत्येक पाटी म्हणजे वाचलेला कोळसाच असतो. वीजबिलातली बचत पुढची. ऊर्जेची पहिली बचत घरात राहायला जाण्याआधीच झालेली असते.

स्लॅबचा विचारही तितकाच साधा आहे. भार आला की स्लॅबचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. ताण सळ्या पेलतात. तिथले काँक्रीट सळ्यांना धरून ठेवण्यापलीकडे फारसे काही करत नाही. म्हणून त्या भागात सळ्यांच्या चौकटीत मंगलोरी कौले ठेवायची आणि तेवढे काँक्रीट वाचवायचे. आम्ही जुन्या घराची उतरवलेली कौले वापरली. आज स्वयंपाकघरात वर पाहिले की सासऱ्यांनी घेतलेली तीच कौले छतात दिसतात, आणि सासूबाईंना या घरातली सर्वांत आवडती गोष्ट तीच आहे.

संस्थेच्या सेवेबद्दल सांगायचे तर, केरळात राहणाऱ्यांना आराखडा, अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष बांधकाम हे सगळे एकाच ठिकाणी मिळते. आमची गोष्ट वेगळी होती. एवढ्या दूरच्या कामावर रोजची देखरेख होणार नाही, हे तिथल्या अभियंत्यांनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितले. नंतर त्यांनी आमच्या भागात वीट कशी मिळते, पाऊस कोणत्या बाजूने झोडपतो, भूकंपाचा पट्टा कोणता, असे एकेक विचारत तासभर दिला. कोयनेचा १९६७चा भूकंप आमच्या घरात अजून आठवणीने सांगितला जातो, त्यामुळे तो प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. कोपऱ्यांतल्या पोकळ्यांमध्ये उभ्या सळ्या टाकून काँक्रीट भरावे, खिडकीखाली आणि लिंटेलला, म्हणजे दार-खिडक्यांच्या वरच्या पातळीला, काँक्रीटचा सलग पट्टा घ्यावा, आणि हे सगळे स्थानिक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावे, हा त्यांचा सल्ला आम्ही तंतोतंत पाळला. त्यांनी आम्हाला त्या वेळी चालू असलेल्या कामावर नेले आणि गवंड्याच्या शेजारी उभे करून तीन थर रचून दाखवले. मोबाइलवर काढलेले ते चित्रण पुढे आम्हाला कोणत्याही नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडले.

कारण खरी परीक्षा गावी आल्यावर सुरू झाली. आमच्या मिस्त्रींनी आयुष्यभर आडवी वीट लावलेली. “वहिनी, भिंत पोकळ ठेवली तर लोक मला हसतील,” असे ते पहिल्या दिवशी म्हणाले. ते चित्रण दाखवून आधी कुंपणाची भिंत या पद्धतीने बांधून घेतली. आठव्या दिवशी त्यांनी स्वतः ओळंबा लावून पाहिला, भिंतीवर थापीने ठोकून आवाज ऐकला आणि घराच्या कामाला होकार दिला. अडचणी तरीही आल्याच. एका वीटभट्टीवाल्याने नमुना एक दाखवला आणि गाडीतून लहानमोठ्या आकाराच्या विटा पाठवल्या. उभ्या विटेच्या बांधणीत आकारातला फरक लपत नाही, त्यामुळे जवळजवळ निम्मी गाडी पायऱ्यांना आणि ओट्याला वापरावी लागली. वायरिंग करणाऱ्याने न विचारता भिंतीत आडव्या झिऱ्या, म्हणजे खाचा, पाडायला घेतल्या, तेव्हा विटेचा पातळ पदर फुटला आणि तो भाग पुन्हा बांधावा लागला. वायरींचे पाइप बांधकाम चालू असतानाच पोकळीतून उभे सोडायचे असतात, हे आधी ठरवायला हवे होते. ती चूक आमची. पहिल्या पावसाळ्यात पश्चिमेची भिंत ओलावली, कारण विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, नीट भरल्या नव्हत्या. त्या पुन्हा भरून वर छज्जा वाढवल्यावर ओल थांबली. बाहेरून गिलावा न करता वीट उघडी ठेवायची असेल, तर पावसाच्या बाजूला छज्जा खोल हवाच.

या निमित्ताने हरित बांधकामाशी संबंधित इतर संस्थांचीही माहिती घेतली. भारतीय उद्योग महासंघाच्या अंतर्गत २००१ साली सुरू झालेली ‘आयजीबीसी’ ही हरित इमारतींची परिषद आणि ‘टेरी’ या ऊर्जा-संशोधन संस्थेने केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाबरोबर आणलेले ‘ग्रिहा’ हे हरित इमारतींचे मानांकन यांचे काम मोठे आहे. पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकेने ‘ग्रिहा’ मिळवणाऱ्या इमारतींना सवलती दिल्यामुळे बिल्डरही त्याकडे वळले. बिल्डरांची ‘क्रेडाई’ ही संघटना परवडणाऱ्या घरांसाठी करसवलती मागते, आणि ते तिचे कामच आहे. पण तीन गुंठ्यांत स्वतःचे घर बांधणाऱ्या माणसाच्या दारात यांपैकी कोणी पोचत नाही. मानांकनाच्या कागदपत्रांसाठी सल्लागार लागतो. मला गवंड्याला शिकवणारे कोणी हवे होते, आणि ते मला हजारभर किलोमीटर दूर जाऊन मिळाले. असे केंद्र सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात, जिथे विटांच्या भट्ट्या नदीकाठाने पसरलेल्या आहेत, तिथे अजून उभे राहू नये याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘कॉस्टफोर्ड’बद्दल माझ्या तक्रारी दोनच. पद्धत समजावणारे साहित्य मला मल्याळम आणि इंग्रजीतच मिळाले. आमच्या मिस्त्रींना त्यातले काही वाचता आले नाही. शिवाय केरळबाहेरच्या माणसाने पुढे कोणाकडे जावे, याची प्रदेशवार यादी संस्थेने द्यायला हवी. कोकणातल्या वाचकांनी एक लक्षात घ्यावे की तिथे जांभा हाताशी असताना दुरून विटा आणून ही बांधणी करण्यात अर्थ नाही. पाच मैलांचा हिशेब तिथे चिऱ्याच्या बाजूने लागतो.

एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावला तर ती कोमट लागते; शेजारच्या आरसीसी घरातली तशीच भिंत चटका देते. आमच्याकडे कूलर नाही, पंखा पुरतो. मिस्त्रींनी त्यानंतर याच पद्धतीची दोन घरे बांधली आहेत आणि तिसऱ्याचा पाया या दिवाळीनंतर घेणार आहेत. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी कामाच्या वेळी, वायरिंगचे पाइप सोडत असताना यावे; तेव्हा पोकळी उघडी असते आणि सगळे डोळ्यांनी दिसते.