सीपॅप मशीन की जबड्याची पट्टी?

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याचा आजार, आणि त्यावरचे हे दोन उपाय. झोपेच्या तपासणीच्या रिपोर्टवर एएचआय नावाचा आकडा असतो, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अपुरा पडला. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. आधी हा आकडा बघा, किंमत नंतर.

तीव्र असेल तर फार घोळ घालू नका, मशीनच घ्या. नळीतून येणारी दाबाची हवा घसा मिटूच देत नाही. दातांवर बसवायची पट्टी खालचा जबडा पुढे धरून ठेवते. तिने आकडा सहसा तेवढा उतरत नाही. सौम्य-मध्यम असेल तर मात्र पट्टीवर भागू शकतं, आणि कपाटात पडलेल्या मशीनपेक्षा रोज तोंडात असलेली पट्टी केव्हाही बरी.

मराठवाड्यात मशीनचं खरं दुखणं विजेचं. रात्री लाइट गेली की हवा बंद, घोरणं सुरू. इन्व्हर्टर धरूनच हिशेब करा. हवा ओलसर करणारी टाकी बरीच वीज खाते. बॅटरीवर ती बंद ठेवली तर मशीन जास्त वेळ चालतं. त्या टाकीत बोअरचं पाणी ओतू नका, क्षारांचा थर बसतो. डिस्टिल्ड वॉटरच घाला. मास्क रोज धुवायचा. शेतातल्या घरात धुळीने फिल्टर लवकर काळा पडतो, तोही बघत राहायचा. मे महिन्यात गच्चीवर झोपणाऱ्यांनी वायर कुठून न्यायची तेही ठरवावं! ऊसतोडीच्या हंगामात कोपीवर राहणाऱ्याला हे सगळं जमणं अवघडच. पट्टी डबीत घालून कुठेही नेता येते.

पण गुटख्याने तोंड नीट उघडत नसेल तर पट्टीचं माप घेणंच कठीण. दात हलत असतील, बरेच पडले असतील तरी तेच. पट्टीने सकाळी जबडा दुखतो, लाळ सुटते, काही वर्षांत दातांची ठेवणही थोडी सरकू शकते. ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून चावायची पट्टी या कामाची नाही. दंतवैद्याकडून मापाचीच करून घ्या. शिवाय ती लावून झोपेची तपासणी पुन्हा करा, कारण घोरणं थांबूनही श्वास अडकत राहू शकतो.

वजन उतरवणं आणि रात्रीची दारू सोडणं दोन्हीकडे लागतंच.

अजून ठरत नसेल तर विक्रेत्याला मशीन महिनाभर भाड्याने मागून बघा. मापाची पट्टी एकदा बनवली की परत करता येत नाही.